कोपऱ्यात कुणी जायचं नाही

आमचं घर रुसणाऱ्यांचं होतं. शेजारीपाजारी भांडणं होत, भांडी आदळत. आमच्याकडे कुणी आवाज चढवत नसे. आजोबा बडोदा संस्थानच्या नोकरीत, वडील सरकारी कचेरीत, त्यामुळे मोठ्यानं बोलणं हे असभ्यपणाचं मानलं जाई. मग ज्याला जे काही झालं असेल तो रुसायचा. वडील तर यात वस्ताद होते. रावपुऱ्यात दुकानांच्या वर आमच्या खोल्या आणि रस्त्यावर उघडणारी एक गॅलरी. ते रुसले की गॅलरीत खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसत. खालच्या स्कूटरी आणि रिक्षा जणू त्यांनाच सांभाळायच्या आहेत अशा चेहऱ्यानं बघत राहत. खुर्ची मात्र अशी ठेवत की डोळ्यांच्या कोपऱ्यातून स्वयंपाकघराचं दार दिसावं.

आई थोडा वेळ जाऊ द्यायची. मग शंकरपाळ्यांची वाटी माझ्या हातात देऊन म्हणायची, "जा, देऊन ये त्यांना. आणि ठेवून येऊ नकोस हं. हातात धरून उभी राहा."

मी जाऊन उभी राहायची. वडील म्हणत, "नको मला." मी उभीच. "ठेव तिथे कठड्यावर." मी ठेवायची नाही. हात दुखायला लागायचा, खाली एखादी गाय दुकानदाराच्या टोपलीत तोंड घालायची, आम्ही दोघं ती गंमत बघायचो, आणि केव्हातरी त्यांचा हात वाटीकडे यायचा. पहिलं शंकरपाळं मला, मग त्यांना. का रुसले होते ते कुणी विचारत नसे, आणि माझी खात्री आहे की त्यांनाही ते तोवर आठवत नसे.

घराबाहेरही तेच होतं, फक्त गुजरातीत. गल्लीतल्या मुलींशी बिनसलं की किट्टा, आणि जुळलं की बोटं जोडून बुच्चा. किट्टा केलेली मुलगी घरी निघून जात नसे. समोरच्या ओट्यावर फुगून बसे, कारण बुच्चा करायला कुणी आलं तर आपण सापडायला हवं. एवढी अक्कल आम्हाला दुसरीत होती. ती कुणी तास घेऊन शिकवली नव्हती, हे इथे मुद्दाम सांगते, कारण पुढे माझ्या शाळेत तिचा तास सुरू झाला आणि त्या तासानं ती अक्कल पुसून टाकली.

मी शिक्षिका झाले ती रावपुऱ्यातल्याच एका लहानशा शाळेत. तिथे मला एक मैत्रीण भेटली, गुजराती, माझ्याच वयाची. तिला मराठी शिकायची हौस होती आणि मला बोलायची, त्यामुळे तिचं मराठी माझ्यावर गेलं, म्हणजे थोडं भांडकुदळ. शेवटाला 'ने' लावायची सवय मात्र गेली नाही. "चल ने आता," "जाऊ दे ने." आम्ही दोघी एकमेकींवर इतक्या वेळा रुसलो असू की त्याला नोकरीचाच भाग म्हणायला हरकत नाही. वेळापत्रकावरून, परीक्षेच्या पेपरांवरून, तिनं माझ्याशिवाय साडी घेतली यावरून. मी रुसले की स्टाफरूमच्या खिडकीशी पाठ करून वह्या तपासत बसायची. मग ती यायची. हातात लीलो चेवडोची पुडी. हा आमच्या बडोद्याचा ओला, हिरवट, आंबटगोड चिवडा. बाहेरगावच्यांना तो कळत नाही आणि आम्हाला त्यावाचून चालत नाही. ती पुडी माझ्या वह्यांवर धरायची आणि उगाच आदरानं विचारायची, "रिसाई गयां, बेन?" रुसलात का, बाई? मी म्हणायची, नको. ती पुडी तशीच धरून उभी. तेलाचा थेंब कुणाच्या तरी निबंधावर पडायचा. त्या काळातल्या बऱ्याच मुलांच्या वह्यांवर आमच्या मैत्रीचे डाग असतील.

पुढे शहराबाहेर गोत्रीकडे सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या मागोमाग मोठ्या शाळा आल्या. अशाच एका नव्या इंग्रजी शाळेत ती मुख्याध्यापिका झाली आणि जाताना मला घेऊन गेली. "तुझ्याशिवाय मला कंटाळा येईल ने," म्हणाली. मी गेले. तिची केबिन काचेची होती. पण मधल्या सुट्टीत ती दार उघडं ठेवायची आणि आमचा चहा तिथेच व्हायचा. तिला टेबलाच्या पलीकडे बसलेली बघून मला अभिमान वाटायचा, खरंच वाटायचा.

मग एका वर्षी विश्वस्तांच्या डोक्यात आलं की मुलांना भावना शिकवायला हव्यात. दुसऱ्या शाळांनी सुरू केलं होतं, पालक प्रवेश घेताना विचारत होते, आणि आपली शाळा आदर्श शाळांच्या यादीत जायची तर हे हवंच होतं. मुंबईहून एक तरुण प्रशिक्षक आला. गोड बोलायचा, सगळ्यांना मॅम म्हणायचा. त्यानं आम्हाला हॉलमध्ये गोल बसवलं आणि लोकरीचा गुंडा एकमेकींकडे फेकायला लावला. ज्याच्याकडे गुंडा येईल त्यानं आपल्याला काय वाटतंय ते सांगायचं. गणिताच्या बाई म्हणाल्या, भूक लागल्यासारखं वाटतंय. सगळ्या हसल्या. तोही हसला आणि म्हणाला, भूक ही भावना नाही. इतकी वर्षं मुलं शिकवलेल्या माणसाला विचारून बघावं, भूक भावना आहे की नाही.

त्यानं एक तक्ता आणला होता, चेहऱ्यांचा. आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला आणि आणखी दोनचार. मुलांनी सकाळी वर्गात येताना आपापल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. मी हिंदीत विचारलं, "यात रुसलेला चेहरा कुठे आहे?" माझ्या हिंदीचं त्यानं इंग्रजी करून घेतलं, विचार केला, आणि म्हणाला, तो म्हणजे थोडा राग आणि थोडं दुःख. माझी मैत्रीण माझ्या शेजारी बसली होती. मी तिच्याकडे बघितलं. अशा वेळी ती हमखास माझ्या पायावर पाय द्यायची. त्या दिवशी ती लिहून घेत होती.

सरसकट नावं ठेवत नाही. वर्गात हात उगारणारी दोन पोरं होती, ती त्या तासामुळे दीर्घ श्वास घ्यायला शिकली आणि बाकीच्यांची डोकी वाचली. एक घुमी मुलगी बोलायला लागली. पण या तासासाठी वेळापत्रकातून काय काढलं, तर खेळाचा तास. मैदानावर मुलं जे आपसात भांडून, चिडून, परत जुळवून शिकत होती तेच आता एसीत बसून 'मला वाटतं'नं सुरू होणाऱ्या छापील पट्ट्यांवर वाचू लागली. किट्टा म्हणायला बंदी आली, कारण त्यानं दुसऱ्याला वगळल्यासारखं होतं. किट्टा गेलं तसं बुच्चाही गेलं, त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आणि प्रत्येक वर्गात एक कोपरा आला. निळी सतरंजी, दोन उशा, वाळूचं घड्याळ, आणि चमकीचं पाणी भरलेली एक बाटली. ती हलवायची आणि चमकी खाली बसेपर्यंत बघत राहायचं, म्हणजे मनही खाली बसतं. ज्याला त्रास होतोय त्यानं तिथे जायचं, एकट्यानं बसायचं, वाळू संपली की उठून यायचं. भिंतीवर नियम लावला होता: कोपऱ्यात बसलेल्याकडे कुणी जायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला स्पेस द्यायची. शिक्षकांनीही. हा नियम प्रशिक्षकानं आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितला. जो जवळ जाईल तो मुलाला परावलंबी करेल, म्हणाला.

मी तेव्हा पाचवीची वर्गशिक्षिका होते. माझ्या वर्गात एक मराठी मुलगी होती, तिचे वडील जळगावकडून येऊन सावली गावाजवळच्या एका कारखान्यात लागले होते. अभ्यासात बरी, चित्रात फार छान, आणि रुसण्यात माझ्या वडिलांच्या तोडीची. ओठ बाहेर काढणं, मान फिरवणं, डबा न उघडणं, सगळं यथासांग. मला तिच्याबद्दल पहिल्या दिवसापासून आपुलकी वाटली ती त्यामुळेच. तिची एक गुजराती मैत्रीण होती. या दोघी पहिलीपासून एका बाकावर बसत. एकीच्या डब्यातली पोळी आणि दुसरीच्या डब्यातलं थेपलं, दोन्हींचे तुकडे दोघींच्या तोंडात असत.

विज्ञानाच्या प्रकल्पासाठी त्या मैत्रिणीनं दुसऱ्या एका मुलीबरोबर जोडी केली. एवढंच झालं. आमची रुसणारी मुलगी मधल्या सुट्टीत डबा घेऊन उठली आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

मी बघत होते. ती सतरंजीच्या मध्यावर बसली नाही, कडेला बसली, वर्गाकडे पाठ करून. तिच्यासमोर खिडकीची काच होती आणि त्या काचेत आख्खा वर्ग दिसत होता. मला गॅलरीतली खुर्ची आठवली. बाटलीला तिनं हात लावला नाही. काचेत बघत होती, कोण येतंय ते.

आणि तिची मैत्रीण आलीच की. तिला कुणी सांगायची गरज नव्हती. डब्यातली सुखडीची, म्हणजे गूळपापडीची, वडी हातात घेऊन ती सतरंजीपर्यंत पोचली. त्या दिवशी नेमका तो प्रशिक्षक वर्ग बघायला आलेला होता. तो लगबगीनं पुढे झाला, तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि अतिशय प्रेमानं म्हणाला की तू खूप चांगली मैत्रीण आहेस, पण तिला आत्ता एकटं राहायचंय, तिला स्पेस देणं हीच खरी मदत. मुलीनं वडीकडे बघितलं, कोपऱ्यातल्या पाठीकडे बघितलं आणि परत जाऊन बसली. वर्गानं तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, तशी पद्धत होती. आमच्या मुलीनं काचेत हे सगळं बघितलं. वाळू संपली तशी तिनं घड्याळ उलटं केलं. पुन्हा संपली, पुन्हा उलटं केलं.

दुसऱ्या दिवशी ती परत तिथे गेली. मग रोज. मधली सुट्टी झाली की कोपरा, न उघडलेला डबा आणि काच. मैत्रीण पहिले काही दिवस चुळबुळत होती. मग तिला बघायचं नाही याची सवय लागली. शहाणी मुलगी होती, नियम पाळायची. पुढे पुढे तर कोपऱ्यात कुणी आहे हेच वर्गाच्या लक्षात येईना. मुलं त्या सतरंजीला वळसा घालून जात.

मी माझ्या मैत्रिणीकडे काचेच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "अगं, ती पोरगी रुसलीय. तिला कुणीतरी मनवायला हवं. तुला वेगळं सांगू का?"

ती म्हणाली, "मला कळतं ने. पण बघ, आत्ता काही बदलू नको. या सत्राच्या शेवटी ते लोक तपासायला येणार आहेत. एकदा यादीत नाव आलं की मग तू म्हणशील तसं."

"तोवर तिनं तिथे बसायचं?"

"ती स्वतः जाऊन बसते. आपण पाठवतो का?"

तेही खरंच होतं. रुसलेलं माणूस स्वतःच जाऊन बसतं.

मुलीची आई शाळेत आली. साधी बाई, आधी बाहेरच्या बाकावर पदर सावरून बसून राहिली. मला म्हणाली, "बाई, डबा तसाच घरी येतो. विचारलं तर सांगत नाही. घरी रुसली तर तिचे पप्पा काढतात समजूत, पण आता त्यांची दुसरी पाळी चालू आहे. ते येतात तेव्हा ही झोपलेली. मला ते जमत नाही, मी चिडते."

मी सांगणार होते की तिला शाळेत कुणी मनवायला जात नाही म्हणून ती जेवत नाही. पण तेवढ्यात तिला केबिनमध्ये बोलावलं. काचेतून मी बघत होते. माझी मैत्रीण समजावत होती, आई मान हलवत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक रंगीत पत्रक होतं. म्हणाली, "मोठ्या बाई म्हणाल्या, लाड करू नका. घरी पण असा कोपरा करा म्हणाल्या. आमच्याकडे कोपरा कुठला, बाई? फ्रिजच्या बाजूला होईल एक." मला इतका संताप आला की मी तिला नीट निरोपही दिला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत येताना मी वाटेत लीलो चेवडो घेतला. मधल्या सुट्टीत चपला काढल्या, त्या निळ्या सतरंजीवर जाऊन तिच्या शेजारी बसले आणि पुडी उघडून तिच्यासमोर धरली. गुडघे कुरकुरले.

"नको," ती म्हणाली.

मी तशीच धरून बसले.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "तिखट आहे?"

"मला काय माहीत. मी अजून खाल्ला नाही."

"मग तुम्ही खा आधी."

"तू खाल्ल्याशिवाय कशी खाऊ?"

तिनं एक बेदाणा उचलला. मग दुसरा. सगळे बेदाणे संपवते की काय असं मला वाटलं. मागे वळून बघितलं तर तिची मैत्रीण सतरंजीच्या कडेला उभी, येऊ की नको अशा चेहऱ्यानं. मी म्हटलं, "आव ने, शुं जुए छे?" ये की, बघतेस काय. ती आली ती धपकन बसलीच. दोघी एकमेकींकडे बघेनात. मग तिनं दोन बोटं पुढे केली, आपल्या पोरीनं त्यांना बोटं लावली, आणि 'बुच्चा' हा वर्गातून गेलेला शब्द दोघींनी हळूच उच्चारला. आमची मुलगी हसली. तिच्या दाताला कोथिंबीर चिकटली होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला स्वतःबद्दल इतकं बरं क्वचितच वाटलं असेल.

वर बघितलं तर दारात माझी मैत्रीण उभी. तिच्यामागे प्रशिक्षक आणि तपासायला आलेले दोन पाहुणे. ते त्या दिवशीच येणार आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही नेहमीसारखंच दिसावं अशी योजना होती म्हणे. मला आधी भीती नाही वाटली. मी हसले आणि पुडी किंचित वर केली, तिला दिसावी म्हणून. ती पुडी ती ओळखेल, असं मला वाटलं.

ती इंग्रजीत म्हणाली, "प्लीज मला ऑफिसमध्ये येऊन भेटा."

ऑफिसात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. प्रशिक्षक मध्ये बसला. आता मोठ्यांनीही मतभेद याच रीतीनं सोडवायचे होते. आमच्या दोघींच्या हातात एकेक छापील पट्टी दिली, त्यावर अर्धी वाक्यं होती, रिकाम्या जागा भरून बोलायची. माझी मैत्रीण पट्टीकडे बघून म्हणाली, "जेव्हा ठरलेली पद्धत पाळली जात नाही तेव्हा मला दुखावल्यासारखं वाटतं." इंग्रजीत. मला. जिच्यावर ती माझ्या भाषेत ओरडत आली, जिची साडी तिनं न विचारता नेसली, तिला ती पट्टी वाचून दाखवत होती.

मी म्हटलं, "तुं मने आ कागळमांथी वांचीने कहे छे?" मला हे तू कागदातून वाचून सांगतेस?

प्रशिक्षक मृदू आवाजात म्हणाला, "मॅम, कृपया 'मला वाटतं' पासून सुरुवात करा."

मी पट्टी खुर्चीवर ठेवली आणि उठून आले. यादीत शाळेचं नाव त्या वर्षी आलं नाही. पुढच्या वर्षी आलं, पण तोवर माझ्याकडून वर्ग काढून घेऊन मला ग्रंथालय दिलं होतं. ते सांगतानाही ती इंग्रजीतच बोलली, फक्त शेवटी मराठीत म्हणाली, "तिथे तुला थोडी स्पेस मिळेल."

मी रुसले. दुसरा शब्द शोधायची मला गरज वाटत नाही. केबिनमधला चहा बंद केला. ग्रंथालयात माझं टेबल मी मुद्दाम दाराशी ओढून घेतलं, तिथून जिना दिसे आणि जिन्यावरून ती रोज उतरे. मला खात्री होती की ती येईल. आज नाही तर दिवाळीच्या सुट्टीआधी, नाही तर सुट्टीनंतर. ती जिना उतरताना माझ्या दाराकडे बघायची, मान हलवून हसायची आणि पुढे जायची. ते हसणं मी ओळखत होते. कोपऱ्यातल्या मुलाकडे हसतात तसंच होतं ते. ती माझ्यावर चिडली असती तर मी सहन केलं असतं, पण ती माझ्याशी समजूतदारपणे वागत होती. शिक्षकदिनाला सगळ्यांबरोबर मलाही तिचं एक छापील कार्ड मिळालं, तुमचं योगदान आम्ही जाणतो असं लिहिलेलं. ते टेबलावर ठेवलेलं होतं. मी जेवायला गेले असताना कुणीतरी ठेवून गेलं होतं.

त्या मुलीचा वर्ग नव्या बाईंकडे गेला. त्या वयानं लहान होत्या, नेमून दिलेलं नीट करणाऱ्या. वर्षअखेरीच्या प्रार्थनेत मुलीला सगळ्यांसमोर बिल्ला मिळाला, स्वतःला शांत करता येतं म्हणून. टाळ्या झाल्या. ती हसली नाही, रडली नाही, नीट आभार मानून खाली उतरली.

पुढे एकदा तिची आई मला रावपुऱ्यात भाजी घेताना भेटली. म्हणाली, "बाई, आता ती अजिबात रुसत नाही."

"अस्सं?"

"हो ना. काही झालं तर फ्रिजपाशी जाऊन बसते आणि आपली आपण उठते. परवा तिच्या पप्पांनी रविवारचे फाफडे आणले. दिसलं की हिचं काहीतरी बिनसलंय, तर कागद घेऊन गेले बिचारे तिच्यापाशी. म्हणाली, पप्पा, मला थोडा वेळ एकटीला राहू द्या. ते कागद धरून उभे. त्यांना कळेचना, उभं राहायचं का जायचं." ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. "चांगलंच आहे ना, बाई? शहाणी झाली ना?"

मी म्हटलं, "नाही. चांगलं नाही. पुढच्या वेळी त्यांना सांगा, ती काही म्हणाली तरी तिथेच उभे राहा."

ती घाबरली. म्हणाली, "पण मोठ्या बाई म्हणाल्या होत्या की..." आणि पिशवी सावरत निघून गेली. मोठ्या बाईंपुढे ग्रंथालयातल्या बाईचं कोण ऐकणार.

मग माझी निवृत्ती आली. हॉलमध्ये समारंभ झाला. शाल, श्रीफळ, मुलांचं नाचगाणं. माझी मैत्रीण माझ्याबद्दल बरंच चांगलं बोलली. तिच्या भाषणात रावपुऱ्याची ती शाळा आली, आमचं तरुणपण आलं. एका जागी तिचा आवाज अडकला. मी मान वर केली. तिनं डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, सोडला, आणि पुढचं वाक्य स्वच्छ आवाजात म्हटलं.

सगळं आटोपल्यावर मी ग्रंथालयात आले, माझ्या वस्तू घ्यायला. शाल टेबलावर टाकली आणि खुर्चीत बसून रडायला लागले. दार उघडं ठेवलं होतं. का ठेवलं होतं ते मला माहीत आहे, आणि हे वाचणाऱ्यालाही आता माहीत असेल.

दारात ती मुलगी आली. आठवीत होती, उंच झाली होती, हातात परत करायचं पुस्तक होतं. मला बघून थांबली. तिचा एक पाय आत आला होता. मी डोळे पुसले नाहीत. ही येईल, मला वाटलं. हिला माहीत आहे. हिनं माझ्या हातातले बेदाणे वेचून खाल्लेत.

तिनं पाय मागे घेतला. चेहऱ्यावर खरी काळजी होती, खोटं बोलणार नाही. "टेक युअर टाइम, टीचर," ती अगदी हळू म्हणाली आणि आवाज होऊ न देता दार ओढून घेतलं.

बाहेर चपला वाजल्या. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. माझ्या मैत्रिणीनं विचारलं, "अंदर छे?" आणि कागदाच्या पुडीची चुरचुर ऐकू आली.

"हा मॅम," मुलगी म्हणाली, "पण टीचरने थोडी स्पेस जोईए छे." टीचरना थोडी स्पेस हवी आहे.

मी खुर्चीतून अर्धी उठले होते. मग माझी मैत्रीण म्हणाली, "व्हेरी गुड, बेटा," आणि चपला जिन्याकडे निघाल्या.

मी दार उघडलं तोवर कुणी नव्हतं. दाराशेजारी मुलं दप्तरं ठेवतात त्या फळीवर लीलो चेवडोची पुडी ठेवलेली होती. कागदाला तेल सुटायला लागलं होतं. मी शाल घेतली, पिशवी घेतली, पुडी तिथेच राहू दिली आणि घरी आले.